अजब माहितीची दुसरी ओळ

वर्तमानपत्र हातात पडले की अग्रलेखाआधी पानाच्या कोपऱ्यातली चौकट वाचणारे वाचक पुष्कळ असतात. 'हे तुम्हाला माहीत आहे का?' किंवा 'ऐकावे ते नवलच' असा मथळा आणि खाली चार ओळी. ऑक्टोपसला तीन हृदये असतात. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येत केळे 'बेरी' ठरते आणि स्ट्रॉबेरी मात्र ठरत नाही. मीही चौकटच आधी वाचतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पूर्वी ती आठवड्यातून एकदा भेटायची. आता मोबाइलवर दिवसातून दहादा येते आणि न मागता येते.

या सदरात एरवी खोकला, मूळव्याध, मधुमेह यांच्यावर लिहितो. आज या चौकटीवर लिहितो आहे, कारण दवाखान्यात येणाऱ्या माणसांच्या बोलण्यात ती अलीकडे फार डोकावू लागली आहे. 'डॉक्टर, मी असे वाचले की...' अशी सुरुवात झाली की मी पेन खाली ठेवतो. बहुतेक वेळा वाचलेले खोटे नसते, ही खरी अडचण आहे. खोटे असते तर एका वाक्यात खोडता आले असते. ते अर्धे असते. पहिली ओळ छापली जाते, कारण ती चमत्कारिक असते. दुसरी ओळ रूक्ष असते म्हणून जागेअभावी गळते. आणि आरोग्याचा प्रश्न आला की नेमकी ती गळलेली ओळच उपयोगाची असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मधाचे उदाहरण घ्या. मध कधीच खराब होत नाही, ही सगळ्या चौकटींची लाडकी गोष्ट. इजिप्तच्या थडग्यांत हजारो वर्षांपूर्वीचा मध सापडला आणि तो खाण्याजोगा होता, अशी जोडही तिला देतात. थडग्यातल्या मधाची चव कोणी घेतली, याच्या खोलात आपण जायला नको. नीट झाकून ठेवलेला मध वर्षानुवर्षे टिकतो, एवढे मात्र खरे आहे. त्याचे कारणही सुंदर आहे. मधात साखर इतकी दाट असते आणि पाणी इतके कमी, साधारण पाचव्या हिश्श्याहूनही कमी, की त्यात पडलेल्या जंतूच्या अंगातले पाणीच ओढले जाते. शिवाय मध आम्लधर्मी असतो. जंतूंना तेथे संसार थाटता येत नाही.

आता दुसरी ओळ. जंतू वाढू शकत नाहीत याचा अर्थ ते तेथे नसतातच असा नव्हे. मातीत राहणाऱ्या एका जंतूचे बीजाणू मधात निपचित पडून राहू शकतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम असे त्याचे नाव. शेतातले बी जसे पाऊस पडेपर्यंत पडून राहते, तसेच हे. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच इतर जंतूंची भरगच्च वस्ती असते, त्यामुळे या पाहुण्याला जागा मिळत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाचे आतडे मात्र मोकळ्या रानासारखे असते. तेथे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला आधी शौचाला होत नाही, मग दूध ओढण्याचा जोर कमी पडतो, रडणे क्षीण होते, पापण्या जड होतात, मान आणि अंग लुळे पडते. हा आजार १९७६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात प्रथम नीट ओळखला गेला. तो विरळा आहे आणि वेळेवर रुग्णालयात नेले तर बहुतेक बाळे बरी होतात, हेही सांगितले पाहिजे. पण श्वासाचे स्नायू थकले तर जिवावर बेतते. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, असे आज जगभरातले बालरोगतज्ज्ञ सांगतात. मध गरम करून द्यावा का, असे काहीजण विचारतात. हे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, तेव्हा त्याचा उपयोग नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. बाळ जन्मले की आजीने सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायची, ही पद्धत अजून गेलेली नाही. त्यात माया असते, हे मी नाकारत नाही. पण या चाटवण्यात पहिले दूध पाजायला उशीर होतो. जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये, हा नियम आहे. आईचे पहिले पिवळट घट्ट दूध, म्हणजे चीक, काही घरांत 'खराब' म्हणून पिळून टाकतात. गंमत पाहा, गाय किंवा म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण वेलदोडा-जायफळ लावून आवडीने खातो, शेजाऱ्यांकडे वाटी पाठवतो. वासराच्या वाट्याचा चीक आपल्याला चालतो आणि आपल्या बाळाच्या वाट्याचा मोरीत जातो! या चिकात रोगांशी लढणारी द्रव्ये ठासून भरलेली असतात. हीच माहिती चौकटीत छापावी, ती मधाच्या गोष्टीइतकीच नवलाची आहे.

पालकाची कथा तर याहून मजेदार. पालकात भरपूर लोह असते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. पुढे दुसरी चौकट आली: एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या आकड्यात दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडले, त्यामुळे पालकातले लोह दहापट झाले आणि त्यावरूनच पॉपॉय हा चित्रकथेतला खलाशी पालकाचे डबे रिचवू लागला. ही गोष्ट १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका लेखात आली आणि मग हजार ठिकाणी छापली गेली. २०१० मध्ये माइक सटन या ब्रिटिश अभ्यासकाने तिचा माग काढला, तेव्हा दशांश चिन्हाच्या त्या चुकीला पुरावाच सापडला नाही. पॉपॉय तर १९३२ च्या एका पट्टीत पालक खाण्याचे कारण 'अ' जीवनसत्त्व असे सांगतो, लोह नव्हे! म्हणजे एका गैरसमजाची दुरुस्ती म्हणून जी गोष्ट सांगितली गेली, तीच निराधार निघाली. पहिली गोष्ट गोड वाटते म्हणून आपण ती तपासत नाही, दुसरी शहाणपणाची वाटते म्हणून तीही तपासत नाही.

हसण्यावारी नेण्यासारखे हे असते तर मी येथे जागा अडवली नसती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. यातल्या अनेकजणी दिवस गेलेले असताना लोहाच्या गोळ्या घेत नाहीत. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, आणि घरातले म्हणतात, 'कशाला औषधे, पालक आणि बीट खा की!' आता हिशेब करू. १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह असते सुमारे पावणेतीन मिलिग्रॅम. गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यातून जी गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम असते. म्हणजे एका गोळीच्या बरोबरीला रोज सव्वादोन किलो पालक! आणि तो निवडून, धुऊन, शिजवून खाल्ला तरी त्यातले लोह शरीरात शिरताना फार थोडे शिरते. बिटाचे तर नावच नको. त्याचा रंग लाल म्हणून त्याने रक्त वाढते, असा सरळ समज आहे. त्यात लोह १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमही नसते. या न्यायाने कुंकू खाऊनही रक्त वाढायला हवे.

पालक खाऊ नये असे मी म्हणत नाही. जरूर खावा, त्यावर लिंबू पिळावे, कारण लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह शोषले जाते. जेवण झाल्याबरोबर चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. पण रक्त सात-आठवर आलेल्या बाईला पालकाच्या भरवशावर बाळंतपणाला पाठवू नये. बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तर तिच्याकडे शिल्लक काही नसते. गोळीने मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. आणि काळ्या शौचाने घाबरू नका, ते गोळीतल्या लोहामुळेच होते.

गाजराबद्दल दोनच वाक्ये. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक अंधारात जर्मन विमाने टिपत, त्याचे श्रेय सरकारने गाजरे खाण्याला दिले, कारण विमानात बसवलेल्या रडारचे गुपित फुटू द्यायचे नव्हते. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो आणि गाजराने तो अभाव भरून निघायला मदत होते हे खरे, पण चष्म्याचा नंबर गाजराने उतरत नाही. संध्याकाळी ठेचकाळणाऱ्या मुलाला हलवा करून न देता अंगणवाडीतल्या 'अ' जीवनसत्त्वाच्या मात्रांची नोंद पाहावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

विक्रमांची गोष्ट थोडी वेगळी. गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकाचा जन्मच मुळी एका वादातून झाला. गिनेस ही आयर्लंडची बिअर बनवणारी कंपनी. तिचे एक अधिकारी सर ह्यू बीव्हर १९५१ मध्ये शिकारीला गेले असता, युरोपातला सर्वांत वेगवान शिकारीचा पक्षी कोणता, यावर वाद झाला आणि उत्तर कोणत्याच पुस्तकात सापडेना. असले वाद दारूच्या गुत्त्यांवर रोज होत असणार हे त्यांनी ताडले आणि १९५५ मध्ये पहिले पुस्तक निघाले. वाद मिटवण्यासाठी निघालेले हे पुस्तक आता घरोघर वाद लावायला वापरले जाते, विशेषतः तंबाखू सोडायला सांगितली की.

फ्रान्समधल्या आर्ल गावच्या झान काल्माँ या बाई १२२ वर्षे १६४ दिवस जगल्या आणि १९९७ मध्ये वारल्या. नोंद असलेले हे सर्वाधिक आयुष्य. २०१८ मध्ये काही रशियन संशोधकांनी त्यांच्या वयावर शंका घेतली, फ्रेंच अभ्यासकांनी ती खोडून काढली. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. त्या नव्वद वर्षांच्या असताना एका वकिलाने त्यांच्याशी करार केला: मी तुम्हाला मरेपर्यंत दरमहा २५०० फ्रँक देईन, तुमच्या मागे तुमचे घर माझे. वकीलसाहेब तीस वर्षे पैसे भरत राहिले आणि १९९५ मध्ये स्वतःच गेले. बाई मजेत होत्या. पुढचे पैसे वकिलाच्या बायकोला भरावे लागले.

पण माझ्याकडे येणाऱ्या मंडळींना यातले काही आठवत नाही. त्यांना एवढेच आठवते की ही बाई वयाची शंभरी उलटून गेल्यावरही सिगारेट ओढायची. 'आणि आमचे आबा? नव्वदपर्यंत तंबाखू-चुना सोडला नाही, दात एकही पडला नाही.' आबांना माझा नमस्कार. पण विक्रम म्हणजे अपवाद, म्हणूनच तो पुस्तकात येतो. तंबाखू न सोडणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत माणसे तंबाखूनेच मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नव्वदी गाठलेल्या तंबाखूवाल्याचा सत्कार होतो, फोटो छापून येतो. पंचेचाळिसाव्या वर्षी जबड्याच्या कर्करोगाने गेलेल्याचा फोटो फक्त निधनवार्तेत येतो आणि तेथे कारण लिहायची पद्धत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा आणि मिश्री कोठे मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखे कापली नाहीत. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ती कापली तेव्हा पाच नखांची एकूण लांबी नऊ मीटरहून जास्त भरली. हे सर्वांना माहीत असते. इतक्या वर्षांत तो हात कायमचा निकामी झाला, बोटे वळेनाशी झाली, हे क्वचित कोणी सांगते. तसेच जागरणाचे. रँडी गार्डनर या सतरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने १९६३ च्या डिसेंबरअखेर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी न झोपण्याचा प्रयोग सुरू केला आणि ११ दिवस, म्हणजे २६४ तास, तो जागा राहिला. दहावीची मुले ही गोष्ट मला अभिमानाने सांगतात. तो चिडखोर झाला, विसरू लागला, त्याला भास होऊ लागले, हे त्यांच्या वाचनात आलेले नसते. म्हातारपणी झोप उडाल्याची तक्रारही त्यांनी स्वतःच जाहीरपणे केली आहे. जागरणाचे विक्रम धोक्याचे म्हणून गिनेसने ते नोंदवणेच बंद केले. अभ्यास केलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम झोपेत होते, तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री चहाचा थर्मास भरून देणाऱ्या आयांनी कृपया तो रिकामा करावा.

माझे एक शिक्षक मित्र यावर रागावतात. म्हणतात, 'मुलांना आधीच कशाचे नवल उरलेले नाही, त्यात तुम्ही चौकटीही बंद करायला निघालात.' बंद करा असे मी म्हणतच नाही. नवल वाटणे हे मनाच्या तब्येतीला चांगलेच. माझी मागणी साधी आहे, आणि ती या वर्तमानपत्राच्या संपादकांनाही आहे. खाणे, औषध, आजार, बाळ यांच्याशी संबंध असलेली चौकट छापताना खाली एक ओळ जास्त द्या: याचा आपल्या घराशी काय संबंध, आणि काय संबंध नाही. चार ओळींऐवजी पाच होतील, एखाद्या जाहिरातीची जागा थोडी आक्रसेल. शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहितात, तसे आठवड्यातून एकदा एक नवल आणि त्याची दुसरी ओळ लिहायला काय हरकत आहे? दुसरी ओळ मुलांनाच शोधायला लावावी.

पहिले नवल मी सुचवतो, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि विषय आपल्या मातीतला आहे. विंचू. अतिनील किरणांच्या दिव्याखाली विंचू हिरवट-निळा चमकतो. विंचवाची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते आणि काही दिवस ती पाठीवर वाहून नेते. पिल्ले आईला खातात ही समजूत खोटी आहे. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही आपली म्हण म्हणजे चक्क पाहून लिहिलेली नोंद आहे. आणि सर्वांत मोठे नवल असे की लाल विंचवाच्या दंशावर जे औषध प्राणदायी ठरले, ते मुळात रक्तदाबाचे औषध होते.

ही गोष्ट रायगड जिल्ह्यात घडली. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि मुले त्यांच्यासमोर घामाने निथळत, हातपाय थंड पडून, शेवटी फुप्फुसात पाणी भरून दगावत होती. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. विंचवाच्या विषाने शरीरातली उत्तेजक द्रव्ये बेसुमार सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते, हे त्यांच्या लक्षात आले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी दिले आणि माणसे वाचू लागली. १९८२ पासून त्यांचे लेखन 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले. गंभीर रुग्णांत पूर्वी तिघांतला जवळजवळ एक दगावत असे. हे औषध वेळेवर मिळू लागल्यावर शंभरांत दोन-तीनही मरेनात. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या अभ्यासात त्यांनी दाखवले की प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविष लसही दिली तर रुग्ण अधिक लवकर सुधारतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इतके मोठे काम कोणत्या मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे, एका आरोग्य केंद्राच्या खाटेशेजारी झाले.

याची दुसरी ओळ अशी: हे औषध घरी आणून ठेवायचे नाही. ते रक्तदाब एकदम उतरवते, म्हणून रुग्णाला आडवे ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. विंचू चावल्यावर नुसती जागेवर आग होत असेल तर घाबरण्याचे कारण कमी; पण घाम, उलटी, थंड पडलेले हातपाय, छातीत धडधड यांपैकी काही दिसले, विशेषतः मुलात, तर मंत्र, बिब्बा, चिंचोका यांत एक मिनिट न घालवता आरोग्य केंद्र गाठावे. आणि त्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, आपल्या गावाला जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, रात्री तेथे डॉक्टर असतात का, आणि प्राझोसिन व विंचवाची प्रतिविष लस शिल्लक आहे का, हे सरपंचांनी किंवा पोलीस पाटलांनी जाऊन विचारून यावे. नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.